थंडीतील मैदान आणि मुलांचा पोषाख

वऱ्हाडची ख्याती उन्हाळ्याबद्दल आहे. अकोल्याचे नाव निघाले की वैशाखातील पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जाणारा पारा सर्वांस आठवतो. त्यामुळे या प्रांतात थंडीही पडते, आणि ती कधीकधी चांगलीच बोचते, हे परक्या माणसास सहसा खरे वाटत नाही. आश्चर्य हे की, खुद्द वऱ्हाडातील लोकांनाही दरवर्षी तिचा विसर पडतो. दिवाळी उलटते, कपाशीची वेचणी रंगात येते, आणि मार्गशीर्षातील एखाद्या पहाटे अंगात हुडहुडी भरली म्हणजे पेट्या धुंडाळून गेल्या वर्षीचे स्वेटर बाहेर काढले जातात. तोवर ते मुलांना आखूड झालेले असतात.

या थंडीचा स्वभाव नीट ओळखला पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत अकोला व अमरावती येथे पहाटेचा पारा साधारणपणे १२-१३ अंशांवर असतो. उत्तरेकडून गार वारे सुटले म्हणजे तो दहाच्याही खाली उतरतो. तोच पारा दुपारी २८ ते ३० अंशांपर्यंत चढतो. म्हणजे एकाच दिवसात पंधरा-सोळा अंशांचा फरक! समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात झपाट्याने सोडून देते. सर्वांत अधिक गारठा मध्यरात्री नसून सूर्योदयाच्या सुमारास असतो. शांत रात्री गार हवा पाण्याप्रमाणे उताराने वाहत जाऊन सखल भागात साचते. म्हणून नदीनाल्याच्या काठचे मैदान त्याच गावातील उंचावरच्या अंगणापेक्षा अधिक थंड लागते. काश्मीरचे मूल दिवसभर थंडीत असते, त्यामुळे त्याच्या पोषाखाचा विचार एकदा केला की पुरतो. वऱ्हाडातील मुलाला एकाच सकाळी दोन ऋतूंतून जावे लागते. सारी अडचण येथेच आहे.

आणि नेमका हाच काळ शाळांच्या क्रीडास्पर्धांचा, स्नेहसंमेलनांचा आणि प्रजासत्ताकदिनाच्या कवायतीचा असतो. मैदानी खेळांचे प्रेम या भूमीस नवे नाही. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने वऱ्हाडच्या पोरांना मल्लखांब, लेझीम, हुतूतू आणि खो-खो यांची शिस्तशीर गोडी लावली. १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांपुढे करून दाखविली. अशा प्रांतात थंडीच्या भयाने मुलांना घरात कोंडून ठेवावे, असे कोणीही सुचविणार नाही. थंडीतील सकाळ ही व्यायामास उत्तम वेळ आहे. प्रश्न आहे तो मुलांच्या अंगावर काय असावे, आणि ते केव्हा असावे, एवढाच.

सकाळी सात वाजता मैदानावर जमलेल्या कोणत्याही शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. अर्ध्या विजारीतील मुले रांगेत उभी आहेत. गुडघ्यांवर कोरडी पांढरी भुकटी उठलेली आहे. हात काखेत खुपसलेले आहेत. प्रार्थना होते, हजेरी होते, आणि मग पाहुण्यांची वाट पाहणे सुरू होते. पाहुणे अर्थातच उशिरा येतात. ते आल्यावर भाषण होते, आणि त्यात व्यायामाने शरीर कसे सुदृढ होते याचे विवेचन असते! एवढे झाल्यावर गारठलेल्या मुलांना एकदम धावावयास सोडतात. मुले जीव तोडून धावतात, घामाने चिंब होतात, आणि मग आपली पुढची पाळी येईपर्यंत कडुनिंबाच्या सावलीत, ओल्या बनियनवर, तास-तासभर बसून राहतात. या साऱ्या सकाळीत धावण्याची दहा मिनिटे एवढीच मुलांना निर्धोक असतात. धोका असलाच तर तो आधीच्या उभे राहण्यात आणि नंतरच्या बसण्यात असतो.

याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. मनुष्याचे शरीर ही एक भट्टी आहे. स्नायूंनी जी शक्ती खर्च केली तिच्यापैकी जेमतेम एक चतुर्थांश प्रत्यक्ष हालचालीच्या उपयोगी पडते. उरलेली सर्व उष्णता होऊन बाहेर पडते. जोराने धावताना ही उष्णता स्वस्थ बसलेल्या माणसाच्या पाच-सहापट, किंबहुना त्याहूनही अधिक असते. म्हणून धावणाऱ्या मुलास दहा अंशांच्या हवेतही पातळ सदरा पुरतो. उभ्या मुलाची गोष्ट निराळी. शिवाय मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे. त्याच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठे असते. गरम दुधाचा पेला पातेल्यापेक्षा लवकर निवतो, त्याचप्रमाणे मूलही मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठते. पाठीवर शाल घेऊन उभ्या असलेल्या गुरुजींस थंडी वाजत नाही, एवढ्यावरून मुलांसही ती वाजत नसेल असे अनुमान काढणे बरोबर नाही.

आता कपड्यांविषयी. कपडा ऊब देतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः कपडा काहीच देत नाही. शरीराची ऊब बाहेर जाऊ न देणे एवढेच त्याचे काम, आणि तेही तो धाग्यांपेक्षा धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या साह्याने करतो. स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. ही गोष्ट वऱ्हाडातील पिंजाऱ्यास कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक आहे. रजई जुनी झाली की तिच्यातील कापूस दबून त्याचे गठ्ठे होतात आणि ती थंड पडते. पिंजारी तोच कापूस धुनकीवर पिंजून पुन्हा भरतो, आणि रजई पूर्वीसारखी उबदार होते. कापूस तोच, वजन तेच. वाढली ती फक्त हवा. नॉर्वे देशाच्या सैन्यातील हेन्रिक ब्रुन या अधिकाऱ्याने १९३३ साली मासे पकडण्याच्या जाळ्यांपासून बनियन तयार केले. निव्वळ भोकांचे हे वस्त्र! परंतु त्यावर दुसरा सदरा चढविला की त्या भोकांतील हवा अडते, आणि श्रमाच्या वेळी गळा मोकळा केला की तीच हवा खेळू लागते.

यावरून हेही उघड होते की, एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे श्रेष्ठ. कारण प्रत्येक दोन कपड्यांमध्ये हवेचा एक थर आयताच मिळतो. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरी याचे शव १९९९ साली सापडले, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सुती कापड व लोकर यांचे अनेक पातळ थर आढळले. पुढे तसाच पोषाख मुद्दाम तयार करवून २००६ साली एव्हरेस्टच्याच परिसरात घालून पाहण्यात आला, आणि तो हलका, सुटसुटीत व उबदार ठरला. वऱ्हाडातील शाळकरी मुलास एव्हरेस्टचा पोषाख नको आहे, हे खरे. परंतु थरांचा तो नियम त्याच्या फार उपयोगाचा आहे. सकाळी सातला तीन थर, आठला दोन आणि नऊ वाजता एक, अशी उतरती भाजणी त्यास करता आली पाहिजे. एकच जाड स्वेटर असला म्हणजे एकतर तो अंगावर असतो किंवा नसतो. मधली स्थिती नाही.

घामाचा प्रश्न याहून महत्त्वाचा, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एक ग्रॅम घाम सुकावयास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. मुलाच्या बनियनमध्ये अर्धी वाटी, म्हणजे ५० ग्रॅम घाम मुरला, असे धरू. तो सुकावयास २९ किलोकॅलरी उष्णता लागेल. पंचवीस किलो वजनाच्या मुलाचे सगळे शरीर एका अंशाने थंड होण्यास सुमारे २१ किलोकॅलरी पुरतात. ही सारी उष्णता मुलाच्याच अंगातून जाते असे नव्हे. काही हवेतून व उन्हातून मिळते, आणि भट्टीही आत पेटलेली असतेच. तरीपण हा आकडा लहान नाही, हे कोणासही दिसेल. खेळत असताना हे थंड होणे इष्टच. खेळ थांबल्यावर मात्र तोच ओला कपडा शरीराची ऊब शोषीत राहतो. त्यातून भिजलेल्या कपड्यात हवेची जागा पाण्याने घेतलेली असते, आणि पाणी हे हवेच्या वीस-पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते.

सुती कापड येथे उणे पडते. वऱ्हाडच्या कापसाची निंदा वऱ्हाडात करणे धाडसाचे आहे! कोरडा कापूस उबदार, मऊ आणि कातडीस सुखकर असतो. उन्हाळ्यात त्याच्यासारखे वस्त्र नाही. परंतु तो पाणी धरून ठेवतो आणि भिजला की अंगास चिकटतो. लोकरीचा गुण वेगळा. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेऊनही हातास ओली लागत नाही, आणि ती वाफ शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकते. हल्ली मिळणारे पॉलिएस्टरचे खेळाचे बनियन पाणी फारसे शोषीतच नाहीत, त्यामुळे ते लवकर वाळतात. मात्र ते घट्ट विणीचे व झुळझुळीत असले तर घाम आतच कोंडतात, आणि एका दिवसात त्यांना वासही येतो. ज्यांस परवडेल त्यांनी कातडीलगत असे बनियन, त्यावर बाह्यांचा सुती सदरा आणि सर्वांवर पुढून उघडणारा पातळ स्वेटर, अशी योजना करावी. ज्यांस परवडत नाही त्यांच्यासाठी उपाय याहून साधा आहे: दप्तरात एक कोरडे बनियन. खेळ संपताच ओले काढावे, अंग टॉवेलने कोरडे करावे, आणि कोरडे चढवावे. सर्व उपायांत हा स्वस्त, आणि अनुभवी शिक्षकांच्या मते सर्वांत गुणकारी होय.

आपल्या जुन्या आखाड्यांतील शिस्त यापेक्षा निराळी नव्हती. पहिलवान लंगोट लावून उघड्या अंगाने कुस्ती खेळे. पण कुस्ती संपताच वस्ताद त्यास वाऱ्यावर बसू देत नसे. घाम पुसून, अंगावर चादर किंवा घोंगडी घेऊन त्याने आडोशास बसावयाचे, हा दंडक होता. वस्तादाजवळ कॅलरीचे गणित नव्हते; त्याच्याजवळ शंभर पोरांचा अनुभव होता. शाळांनी आखाड्यापासून खेळ घेतले, ही चादर मात्र तेथेच राहिली.

खेळाखेळातही फरक करावा लागतो. हुतूतूत, म्हणजे हल्लीच्या कबड्डीत, स्वेटर नकोच. तो ओढला जातो, फाटतो, आणि गळ्यास फास बसण्याचे भय असते. मात्र बाद झालेला गडी बाहेर बसतो, आणि संघ दुबळा असला तर पुष्कळ वेळ बसतो. त्याच्या खांद्यावर तेवढ्यापुरता काही कपडा टाकावा. खो-खोत बचाव करणारे तिघे-तिघे मैदानात उतरतात आणि बाकीचे बाजूस थांबतात. त्यांनी पाळी येईपर्यंत स्वेटर काढू नयेत व उभ्याउभ्या पाय हलते ठेवावेत. मल्लखांबास तर उघडी मांडी आणि उघडा दंड यांवाचून गत्यंतर नाही. पकड कातडीचीच असते, आणि खांबास लावलेले एरंडेल कपड्यास लागले की कपडाही गेला व पकडही गेली. म्हणून मल्लखांबाच्या मुलांना जोर-बैठका व सूर्यनमस्कार यांनी चांगले तापवून, आपल्या पाळीच्या क्षणीच अंगरखा काढावयास सांगावे. गारठलेली बोटे पकड सोडतात, आणि मल्लखांबावर पकड सुटणे म्हणजे डोके जमिनीवर आदळणे. येथे ऊब हा सुखाचा प्रश्न राहत नाही.

मफलर ही आईची आवडती वस्तू. तिचे प्रेम समजण्यासारखे आहे, परंतु धावणाऱ्या मुलाच्या गळ्यात लोंबता मफलर अथवा ओढणी असू नये. कानटोपी चांगली, ती घट्ट बसते, आणि खिशात मावते. डोक्यावाटे शरीराची निम्मी उष्णता निघून जाते, अशी एक समजूत रूढ आहे. ती खरी नाही. शरीराचा जो भाग उघडा असेल त्यातून त्याच्या प्रमाणात उष्णता जाते, एवढेच. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, म्हणून त्यास टोपीचा लाभ अधिक. पायांविषयी सांगावयाचे तर, दवाने भिजलेल्या गवतावर कापडी बूट पाच मिनिटांत ओले होतात, आणि ओला मोजा हा अनवाणी पायापेक्षाही वाईट. शक्य असल्यास दव वाळेपर्यंत गवताच्या मैदानावर खेळ ठेवू नयेत. तिळाच्या तेलाने कातडी फुटत नाही, म्हणून ते जरूर लावावे. पण तेलाने थंडी अडते असे मानून कपडे कमी करू नयेत.

उलट बाजूचा दोषही तितकाच सार्वत्रिक आहे. मुलास दोन स्वेटर, त्यावर जाकीट आणि कानांवर फडके, अशा थाटात मैदानावर धाडणाऱ्या माता अमरावतीत काही थोड्या नाहीत. असे मूल दहा मिनिटांत आतून भिजते, आणि नंतर सर्वांत अधिक तेच कुडकुडते. खेळास आरंभ करताना किंचित थंडी वाजलीच पाहिजे. आरंभीच ऊबदार वाटले तर कपडे जास्त आहेत, असे समजावे. मुलाची बोटे थंड लागली म्हणून घाबरू नये. परीक्षा करावयाची असेल तर हात मानेच्या मागून सदऱ्यात घालून पाहावा. पाठ ओली असेल तर एक थर कमी करावा. पाठ थंड असेल तर वाढवावा. थंडीत तहान कमी लागते, परंतु हवा कोरडी असल्यामुळे श्वासावाटे पाणी जातच असते. तेव्हा पाण्याची बाटली उन्हाळ्याइतकीच आवश्यक आहे.

काही मुलांच्या बाबतीत मात्र ही सारी काळजी दुप्पट घ्यावी लागते. पडसे विषाणूंमुळे होते, नुसत्या गारठ्याने नव्हे, हे आता सर्वमान्य आहे. परंतु दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाने थंड, कोरडी हवा तोंडाने ओढीत जोराने धाव घेतली, तर त्याच्या श्वासनलिका आकुंचन पावतात. अशा मुलाने नाकातोंडावर सैलसर सुती रुमाल बांधून हळूहळू वेग वाढवावा, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध जवळ बाळगावे.

दुसरा प्रश्न खास विदर्भाचा आहे, आणि तो फार गंभीर आहे. येथील आदिवासी समाजांत व इतरही काही समाजांत सिकलसेल नावाचा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. ज्यांस तो पूर्ण स्वरूपात जडला आहे, त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हातापायांत, पाठीत असह्य वेदना उठतात. गारठा, अतिश्रम आणि अंगातील पाणी कमी होणे, ही या वेदना उठण्याची नेहमीची निमित्ते आहेत. आणि पौषातील सकाळच्या मैदानावर ही तिन्ही एकत्र येतात. केंद्र सरकारने २०२३ साली या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून तपासण्या होत आहेत. चिखलदऱ्यासारख्या १,१०० मीटरांहून उंच ठिकाणी, जेथे थंडी मैदानी मुलखापेक्षा पुष्कळ अधिक, आणि मेळघाटातील आश्रमशाळांत, कोणत्या मुलास हा विकार आहे हे क्रीडाशिक्षकास ठाऊक असलेच पाहिजे. हातपाय दुखतात म्हणून मैदानावर बसकण मारणारे मूल आळशी आहे, असा निकाल तेथे घाईने देऊ नये. त्यास ऊब, पाणी, विश्रांती आणि वैद्यकीय मदत तत्काळ मिळाली पाहिजे.

येथवर कपडे आहेत, असे गृहीत धरून विवेचन झाले. परंतु प्रत्येक वर्गात अशी काही मुले असतात की ज्यांच्यापाशी स्वेटरच नसतो. ज्या प्रांतातील कापूस १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडातील गिरण्यांस पोहोचला आणि ज्याच्या पऱ्हाटीवर आजही हजारो कुटुंबे जगतात, त्याच प्रांतात कापूस वेचणाऱ्याचे लेकरू एका सदऱ्यावर शाळेत येते. "थंडी वाजते का?" असे विचारले तर ते मान हलवून नाही म्हणते, कारण त्यास लाज वाटते. नागपूर-अमरावतीकडे दर हिवाळ्यात तिबेटी विक्रेते स्वेटरांची दुकाने मांडतात. तेथे हंगामाच्या अखेरीस भाव उतरतात, आणि पुढील वर्षासाठी शाळेने खरेदी करावयाची तर ती त्याच वेळी करावी. लहान झालेले स्वेटर पालकांकडून मागवून शाळेत एक पेटी ठेवता येईल. तथापि तिचे वाटप प्रार्थनेच्या रांगेत नावे पुकारून होऊ नये. थंडीच्या दिवशी पेटी उघडी ठेवावी; ज्यास हवे त्याने घ्यावे, व शाळा सुटताना परत टाकावे. काही शाळांत गणवेषाच्या रंगाचाच स्वेटर हवा, असा नियम असतो. शिस्त असावी यात शंका नाही. परंतु हिरव्या स्वेटरातील मुलास तो काढून कुडकुडत उभे करणे ही शिस्त नव्हे. ज्यांच्याजवळ स्वेटर नाहीच त्यांनी दोन बनियनांवर पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, आणि आजीच्या जुन्या लुगड्याची, आत पिंजलेला कापूस घालून टाचलेली बिनबाह्यांची बंडी त्यावर चढवावी. दिसावयास ती साधी असेल. ऊब मात्र पुष्कळ स्वेटरांहून अधिक धरते.

शिक्षकांच्या हाती आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वेळापत्रक. सामने सातऐवजी साडेआठला सुरू केले तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. उन्हात उभ्या मुलास सावलीतल्यापेक्षा कितीतरी ऊब मिळते. हजेरी चालता-चालता घेता येते. पाहुणे आले नसतील तर मुलांस मैदानाभोवती दोन फेऱ्या घालावयास लावाव्यात, आणि भाषण शेवटी, ऊन तापल्यावर ठेवावे. मैदानाच्या कडेस एक दोर बांधून त्यावर प्रत्येक वर्गाचे उतरविलेले कपडे टाकण्याची जागा ठरवून द्यावी. स्वेटरच्या आतील बाजूस दोऱ्याने नाव घातलेले असावे. नाहीतर सामने संपल्यावर अर्धा तास कोणाचा स्वेटर कोणता याच्या वादात जातो, आणि मुले पुन्हा ओल्या बनियनवर उभी राहतात.